स्क्रियाबिनच्या छोट्या पियानो रचना: ऑपस २ ते ऑपस ७४, नवख्या श्रोत्यासाठी वाट

रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिनचं संगीत शोधायला गेलात, तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. एका ठिकाणी शोपँच्या वळणाचे हळवे प्रेल्यूड सापडतात, दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाखाली असे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) ऐकू येतात की त्यांना कुठलंच घर नाही. दोन्ही एकाच माणसाचं, आणि मधलं अंतर जेमतेम सत्तावीस वर्षांचं. नवा श्रोता इथेच अडतो. काही जण सुरुवातीच्या गोड रचनांपाशी थांबतात. काही थेट शेवटचे पाच प्रेल्यूड लावतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

मी ही वाट छोट्या रचना धरून चाललो आणि नव्या माणसालाही तीच सुचवेन. सोनाटा आणि सिंफनी सध्या बाजूला ठेवा. प्रेल्यूड, एट्यूड, पोएम अशा दीड-दोन मिनिटांच्या रचना स्क्रियाबिनने पंधराव्या वर्षापासून शेवटपर्यंत लिहिल्या. त्यामुळे बदल जिथे घडला तिथेच, थोडाथोडा, कानावर पडतो. शिवाय ज्या मराठी माणसाने थोडंफार शास्त्रीय गाणं, नाट्यगीतं किंवा अभंग मन लावून ऐकले आहेत, त्याच्यापाशी एक साधन आधीच असतं. ते म्हणजे षड्जाची जाण. या साऱ्या रचनांत एकच प्रश्न विचारत राहायचं: सा कुठे आहे, आणि तो किती दूर गेला?

## काय लागेल

- हेडफोन. या रचनांत पेडलमुळे मागे रेंगाळणारे सूर महत्त्वाचे असतात आणि फोनच्या स्पीकरवर ते ऐकू येत नाहीत.
- स्वरलिपीची प्रत. स्क्रियाबिन १९१५ मध्ये वारला, त्यामुळे जुन्या छापील प्रती हक्कमुक्त आहेत आणि पेत्रुची म्युझिक लायब्ररी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. छापील पुस्तक हवं असेल तर सगळे प्रेल्यूड आणि एट्यूड एकत्र देणारी डोव्हरची आवृत्ती आहे.
- पियानो, कीबोर्ड किंवा घरातली पेटी. वाजवता येत नसलं तरी चालेल, एकेक सूर दाबता आला म्हणजे पुरे.
- वही आणि पेन्सिल.

स्वरलिपी वाचता येत नसेल तरी प्रत उतरवून घ्या. रचनेच्या डोक्यावर लिहिलेली सूचना आणि शेवटच्या ओळीतला सगळ्यात खालचा सूर, एवढं बघता आलं की काम भागतं.

## १. आधी क्रम ठरवा

शोधताना पहिला सापळा नावाचा. रोमन लिपीत हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहितात, आणि देवनागरीत स्क्रियाबिन, स्क्र्याबिन दोन्ही दिसतं. म्हणून ऑपसचा आकडा, म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक, धरून शोधा. जन्मतारखेतही गोंधळ दिसेल: जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १८७१, आजच्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारी १८७२. दोन्ही बरोबर आहेत.

ऐकायचा क्रम मी असा देतो:

- ऑपस २, क्र. १
- ऑपस ११, क्र. १, ४, १०, १४
- ऑपस १६, क्र. ४
- ऑपस ३२, क्र. १
- ऑपस ३७, क्र. १
- ऑपस ४८, क्र. २ आणि ४
- ऑपस ५१, क्र. १ आणि २
- ऑपस ५७, क्र. १
- ऑपस ५९, क्र. २
- ऑपस ६३, क्र. १
- ऑपस ६७, क्र. १
- ऑपस ७४, पाचही

सगळं मिळून अर्ध्या तासाहून थोडंच जास्त होतं. पण एका बैठकीत संपवू नका. एका वेळी दोन किंवा तीन रचना घ्या आणि प्रत्येक लागोपाठ दोनदा ऐका. ‘सर्वोत्तम स्क्रियाबिन’ छापाच्या तयार याद्या टाळा. त्यांत १८९४ आणि १९१४ शेजारी बसवलेले असतात आणि जो बदल ऐकायचा तोच हरवतो.

## २. प्रत्येक रचनेआधी षड्ज लावून घ्या

ही पायरी लहान आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रचना ऐकण्याआधी तिची की (तिचा षड्ज आणि मेजर की मायनर हा प्रकार) पाहा आणि तो सूर पेटीवर दाबून गुणगुणा. ऑपस २, क्र. १ सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या गवयांच्या भाषेत काळी एक. ऑपस ११, क्र. ४ ई मायनरमध्ये, म्हणजे पांढरी तीन. ऑपस ३२, क्र. १ एफ शार्प मेजरमध्ये, म्हणजे काळी तीन.

सूर मनात पक्का झाला की रचना लावा. रचनेबरोबर तंबोरा सुरू ठेवू नका. पाश्चात्त्य रचना मध्येच दुसऱ्या कीमध्ये जाते आणि तंबोरा तिच्याशी भांडत राहतो. फक्त रचना संपल्यावर पुन्हा गुणगुणून बघा: तुमचा सूर आणि तिचा शेवटचा सूर जुळला का? वहीत ‘जुळला’, ‘कसाबसा जुळला’, ‘नाही’ असं लिहून ठेवा. ऑपस ७४ पर्यंत पोचल्यावर ही वही उघडून पाहिलीत, तर त्याच्या शैलीचा सगळा प्रवास त्या शेऱ्यांमध्ये दिसेल.

## ३. ऑपस २ ते १६: शोपँचं घर, स्क्रियाबिनची चाल

ऑपस २, क्र. १ हा एट्यूड १८८७ च्या सुमाराचा. लिहिणारा पंधरा वर्षांचा, मॉस्कोच्या लष्करी कॅडेट शाळेतला मुलगा. आई पियानिस्ट होती, पण तो वर्षाचा असतानाच ती क्षयाने गेली. वडील परराष्ट्र खात्यात असल्यामुळे परदेशी असत, आणि मुलाला आत्या आणि आजीने वाढवलं. पियानो तो निकोलाय झ्वेरेव्हकडे शिकला. पुढे संगीतकार म्हणून गाजलेला रॅखमनिनॉफही तेव्हा त्याच शिक्षकाकडे होता. या एट्यूडमध्ये षड्ज ठाम आहे. खाली जाड कॉर्ड सारखे धडधडत असतात, वर एक लांब सुरावट चालते आणि शेवटी सगळं शांतपणे काळी एकवर येऊन थांबतं. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झने १९८६ मध्ये अनेक दशकांनी मॉस्कोला परत जाऊन जो कार्यक्रम केला, त्यात हा एट्यूड होता.

मग ऑपस ११. हे २४ प्रेल्यूड १८८८ ते १८९६ या काळातले, आणि मांडणी शोपँच्या ऑपस २८ सारखीच: प्रत्येक मेजर की, मागोमाग तिची मायनर, मग पंचमाच्या अंतराने पुढची. प्रकाशक मित्रोफान बेल्यायेव्ह हा लाकडाचा बडा व्यापारी होता आणि रशियन संगीतावर तो मनापासून पैसा खर्च करी. बेत ४८ प्रेल्यूडचा होता. ऑपस ११, १३, १५, १६ आणि १७ मिळून छापून आले ४७.

इथे दुसरा सापळा. बरेच जण ‘ही तर शोपँची नक्कल’ म्हणून पुढे जातात. घर शोपँचं आहे हे खरं, पण चाल बघा. क्र. १ मध्ये दोन्ही हात पाच-पाच सुरांचे गट वाजवतात आणि हे गट मात्रेच्या रेषेवर सुरू न होता अलीकडून सुरू होतात. सम कुठे आहे हे कानाला नीट सांगताच येत नाही. क्र. १४ तर एका आवर्तनात १५ छोट्या मात्रांचं, वादळासारखं वेगाने जाणारं. क्र. २४ सहा आणि पाचमध्ये झुलतं. म्हणजे षड्ज पक्का असताना त्याने आधी लयीची जमीन सैल करायला घेतली होती. शैलीचा बदल पुढे कधीतरी अचानक आला असं वाटत असेल, तर क्र. १ पुन्हा ऐका.

डाव्या हाताकडेही लक्ष द्या. स्क्रियाबिनचे हात लहान होते. विद्यार्थिदशेत लिस्ट आणि बालाकिरेव्हच्या अवघड रचनांचा अति सराव करून त्याने उजवा हात दुखावून घेतला. त्या काळात डावा हात इतका तयार झाला की ऑपस ९ चे प्रेल्यूड आणि नॉक्टर्न त्याने एकट्या डाव्या हातासाठी लिहिले. ऑपस ११, क्र. ४ मध्ये सुरावट डाव्या हातात आहे आणि उजवा फक्त साथ करतो. या प्रेल्यूडखाली ‘लेफोर्तोवो, १८८८’ अशी नोंद आहे. लेफोर्तोवो म्हणजे त्याची कॅडेट शाळा होती तो मॉस्कोचा भाग.

ऑपस १६, क्र. ४ एका पानात मावतं. ते इथे घेतलं आहे कारण त्यात एकही सूर वाढीव नाही. पुढे ऑपस ७४ मध्ये जी काटकसर दिसेल, तिचं मूळ मला इथे दिसतं.

## ४. १९०३: पंचमावरचा कॉर्ड लांबू लागतो

ऑपस ३० ते ४२ मधल्या बहुतेक रचना एकट्या १९०३ सालच्या. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतली नोकरी त्याने सोडली होती आणि परदेशी जायचं ठरवलं होतं. याच वर्षी शेवटच्या मझुर्का (पोलिश नाचावर बेतलेल्या रचना) आल्या, आणि ‘पोएम’ हा प्रकार त्याच्या छोट्या पियानो रचनांत पहिल्यांदा आला. शोपँकडून आलेली नावं हळूहळू गळून पडतात ती इथपासून.

आता थोडं तंत्र समजून घ्या. पाश्चात्त्य संगीतात घरी परतण्याची ओढ ज्या कॉर्डमुळे लागते तो पंचमावर उभा असतो. त्याला डॉमिनंट म्हणतात. त्यात प, नि, रे आणि वरचा म असतो. तो वाजला की कान षड्जाची वाट पाहू लागतो. स्क्रियाबिन त्यातला रे कोमल करतो. आता गंमत अशी होते की तेच चार सूर दोन वेगवेगळ्या घरांचे डॉमिनंट ठरतात, आणि ती दोन घरं एकमेकांपासून सा ते तीव्र मध्यम इतकी लांब असतात. पेटीवर पांढरी एक आणि काळी तीन एकत्र दाबा. तेच हे अंतर, आणि इथून पुढे त्याच्या डाव्या हाताचा खालचा सूर वारंवार याच अंतराने उड्या घेतो.

ऑपस ३२, क्र. १ मध्ये हे सगळं अजून अत्यंत मधुर आहे. काळी तीन शेवटी मिळते, पण वाटेत कान बराच काळ अधांतरी राहतो आणि त्या अधांतरी राहण्यातच सुख आहे हे लक्षात येतं. ऑपस ३७, क्र. १ दुःखी आहे. तिथे ऑपस ११ चा जुना आवाज ओळखू येईल.

या टप्प्यावर घाई करू नका. शेवटच्या रचना ज्यांना जड जातात, त्यांनी बहुतेक वेळा १९०३ वगळलेलं असतं.

## ५. १९०५ ते १९०८: षड्ज फक्त शेवटी भेटतो

तो आता स्वित्झर्लंड, इटली, ब्रसेल्स असा परदेशात राहत होता. हा काळ मला सगळ्यांत प्रिय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ऑपस ४८, क्र. २ अर्ध्या-पाऊण मिनिटाचं. की सी मेजर, पांढरी एक, सगळ्यांत साधी. पण रचनाभर सी मेजरचा साधा कॉर्ड मिळत नाही. एकामागून एक सजवलेले डॉमिनंट येतात, आणि अगदी शेवटी, जणू आता विसरलोच होतो अशा वेळी, तो स्वच्छ कॉर्ड येतो. लगेच क्र. ४ ऐका. तेही सी मेजरचंच, उत्सवी, मोठ्या आवाजाचं, आणि तिथेही घर शेवटीच मिळतं. माझ्या मते ही दोन प्रेल्यूड म्हणजे सगळ्या वाटेवरचा मधला दगड. षड्ज अजून आहे, पण त्याचं काम फक्त दार बंद करण्याचं उरलं आहे.

ऑपस ५१ मध्ये चार रचना आहेत. पहिलीचं नाव ‘नाजूकपण’ अशा अर्थाचं आणि ती तशीच आहे. दुसरी ए मायनरमधली, अतिशय उदास. यानंतर त्याच्या संगीतात सरळ मायनर की जवळजवळ उरतच नाही. हे लक्षात ठेवून क्र. २ ऐकलं की ते वेगळं लागतं.

मग ऑपस ५७, क्र. १, १९०८ चं, नाव ‘इच्छा’. पांढरी एक गुणगुणून ठेवा. शेवटच्या कॉर्डच्या तळाशी सी आहे, पण वर इतके परके सूर रचले आहेत की तुम्ही ‘जुळला’ लिहाल की ‘नाही’ लिहाल, हे मी सांगू शकत नाही. तळ घरचा आणि डोकं बाहेर, अशी ती अवस्था आहे. ही रचना स्क्रियाबिनच्या स्वतःच्या हातची, १९१० मध्ये वेल्टे कंपनीच्या पियानो रोलवर (वादन छिद्रांनी टिपणाऱ्या कागदी गुंडाळीवर) घेतलेली, आजही ऐकता येते.

कागदावरही एक खूण दिसेल. सुरुवातीच्या सूचना इटालियनमध्ये होत्या, वेग आणि जोर सांगणाऱ्या. या वर्षांत त्या फ्रेंच होत जातात आणि मनःस्थिती सांगू लागतात. ऑपस ६३, क्र. १ वर ‘लपवलेल्या गोडव्याने’ अशी सूचना आहे, ऑपस ५९, क्र. २ वर ‘रानटी, लढाऊ’. प्रत्येक सूचनेचा अर्थ आधी शोधा, मग ऐका. त्याला नेमकं काय हवं होतं ते आवाजाच्या खुणांपेक्षा या शब्दांतून जास्त कळतं.

## ६. १९१० नंतर: ओढच घर होते

इतकी वर्षं लांबवलेला, सजवलेला डॉमिनंट आता कुठेच जात नाही. तो स्वतःच विसाव्याची जागा झालेला असतो. १९१० च्या ‘प्रॉमेथियस’ या ऑर्केस्ट्रा रचनेत हा कॉर्ड पूर्ण रूपात येतो, म्हणून त्याला प्रॉमेथियस कॉर्ड म्हणतात. पुढे त्याला ‘गूढ कॉर्ड’ हे नावही चिकटलं.

पेटीवर वाजवून बघा. खालून वर: सा, तीव्र म, कोमल नि, वरच्या सप्तकातला ग, ध, आणि त्याच्याही वरचा रे. दोन्ही हात लागतील, तेव्हा भाता दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्या. सगळे सूर चौथ्याच्या आसपासच्या अंतराने रचले आहेत, म्हणून तो नेहमीच्या मेजर-मायनर कॉर्डसारखा एका जागी बसत नाही, तरंगत राहतो. जरा वेळ धरून ठेवा. पहिल्यांदा अस्वस्थ वाटतं, मग कान त्यात राहायला शिकतो. ऑपस ५९ च्या आधी हे करून घ्या, म्हणजे अर्धा परकेपणा तिथेच जातो.

आणि इथेच आपल्या लोकांसाठीचा सगळ्यांत मोठा सापळा आहे. हे सहा सूर सलग लावले तर पंचम वगळलेल्या वाचस्पती रागासारखे दिसतात, आणि मग ‘स्क्रियाबिनने भारतीय राग घेतला’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळा. हा कॉर्ड त्याच्या स्वतःच्या डॉमिनंटमधून, पायरी पायरीने उगवला, हे तुम्ही आत्ताच ऐकत आलात. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, आणि मुख्य म्हणजे न हलणारा षड्ज असतो. इथे अख्खा कॉर्ड उचलून दुसरीकडे नेला जातो. ऑपस ५९, क्र. २ मध्ये आधीचा मोठा तुकडा वेगळ्या उंचीवर पुन्हा येतो, आणि कुठलीच उंची घरची नसल्यामुळे दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात.

भारताशी त्याचं नातं होतं, पण ते पुस्तकांतून आणि कल्पनेतून. १९०५ च्या सुमारास त्याने मादाम ब्लाव्हात्स्कीचं थिऑसफीवरचं (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान मानणाऱ्या पंथावरचं) पुस्तक फ्रेंचमधून वाचलं आणि तो त्या विचाराने भारून गेला. या ब्लाव्हात्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या, गिरगावात राहिल्या, आणि ‘द थिऑसफिस्ट’ हे मासिक त्यांनी त्याच वर्षी मुंबईतून सुरू केलं. पुढे १८८२ च्या अखेरीस त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचं ठाणं मद्रासजवळ अड्यारला गेलं. स्क्रियाबिनला ‘मिस्टेरियम’ नावाचा एक अतिभव्य सोहळा भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी करायचा होता. तो भारतात कधीच येऊ शकला नाही. गिरगावातून गेलेला विचार मॉस्कोच्या पियानोपर्यंत असा फिरून पोचला, हे मला फार विलक्षण वाटतं, पण तो विचार होता, स्वर नव्हते.

तसाच एक लहान सापळा रंगांचा. स्क्रियाबिन आणि रंग यांवर खूप लिहिलेलं सापडेल. रंगीत प्रकाशाचा स्वतंत्र भाग त्याने ‘प्रॉमेथियस’मध्ये लिहिला. छोट्या पियानो रचनांत तसं काही नाही. त्या ऐकताना रंगांचे तक्ते समोर ठेवायची गरज नाही.

ऑपस ६७, क्र. १ पाच मात्रांचं, धूसर. ऑपस ११, क्र. १ च्या पाच सुरांची आठवण येईल.

## ७. ऑपस ७४: पाच प्रेल्यूड

१९१४ मध्ये लिहिलेले, सगळे मिळून सात-आठ मिनिटांचे. त्यानंतर त्याची एकही रचना पूर्ण झाली नाही. एप्रिल १९१५ मध्ये वरच्या ओठावरच्या फोडातून रक्तात विष पसरलं आणि तो ४३ व्या वर्षी गेला.

हे क्रमाने ऐकायच्या आधी क्र. २ एकटं ऐका. डाव्या हातात काळी तीन आणि तिचा पंचम, सा-प, सतत झुलत राहतात. म्हणजे इतक्या प्रवासानंतर तळाशी चक्क तंबोऱ्याची जोडी आहे. तरीही घर वाटत नाही, कारण वरचे सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकत राहतात आणि त्या सा-पची दखलच घेत नाहीत. वहीत ‘जुळला’ लिहायचं की ‘नाही’, हा प्रश्न इथे सगळ्यांत अवघड होतो. सूर तोच आहे, पण त्याचा षड्जपणा गेला आहे. ही सगळी वाट चालून आल्याशिवाय हे ऐकू येत नाही, म्हणूनच मी थेट इथे उडी मारू नका म्हणतो.

मग क्र. १, वेदनेने फाटणारं. क्र. ३ नाट्यमय, त्यात एक तुकडा सा ते तीव्र म इतक्या अंतराने जसाच्या तसा पुन्हा येतो. क्र. ४ चार आवाजांचं, संथ, संदिग्ध. क्र. ५ अभिमानी आणि लढाऊ. पाचही झाले की वेळ न दवडता ऑपस ११, क्र. ४ लावा. एकच माणूस आहे हे आता कानाला पटतं: तीच काटकसर, तसाच बोलका डावा हात.

## ८. वाजवायला बसणार असाल तर

पुण्या-मुंबईत ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देणाऱ्यांना ऑपस ११ चे प्रेल्यूड अधूनमधून अभ्यासक्रमात भेटतात. सुरुवात ऑपस ११, क्र. ४ किंवा ऑपस १६, क्र. ४ ने करा. क्र. १४ आणि ऑपस ८, क्र. १२ हा प्रसिद्ध एट्यूड कितीही खुणावले तरी दोन-तीन वर्षं लांब ठेवा. त्याचा स्वतःचा हात कशाने दुखावला ते वर वाचलंतच. हात लहान असेल तर रुंद कॉर्ड खालून वर पसरून वाजवा. त्याचाही हात जेमतेम नवव्या सुरापर्यंत पोचत असे.

वाद्य ८८ पट्ट्यांचं, वजनदार पट्ट्यांचं हवं. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर खालचे सूर संपून जातात आणि नंतरच्या रचना मुळात त्या तळावर उभ्या आहेत. अर्धा दाबला तर अर्धाच धरणारा पेडलही हवा. त्याचे शिक्षक वासिली सॅफोनोव इतर विद्यार्थ्यांना स्क्रियाबिनच्या हातांऐवजी पायांकडे बघायला सांगत, इतकं त्याचं पेडल सूक्ष्म होतं. पूर्ण पेडल दाबून ठेवलं की गूढ कॉर्डचा चिखल होतो. खालचा सूर धरा, वरचे सूर पाय किंचित उचलून स्वच्छ करत राहा.

सुरावट कुठल्या बोटात आहे ते आधी शोधा आणि तेवढीच गाऊन बघा. गळ्यातून निघाली की हाताला कळते.

## ९. कोणाचं वादन ऐकावं

व्लादिमीर सोफ्रोनित्स्की आधी. तो स्क्रियाबिनचा जावई. सासऱ्याला त्याने वाजवताना कधी ऐकलं नव्हतं, तरी हे संगीत इतक्या आतून फार थोड्यांनी वाजवलं. ध्वनिमुद्रण जुनं आणि खरखरीत आहे. त्याची सवय करून घ्या. नंतरच्या रचनांसाठी होरोविट्झ ऐका. सगळं स्वच्छ, स्थिर आवाजात हवं असेल तर व्लादिमीर अश्केनाझी. रॅखमनिनॉफने १९२९ मध्ये ऑपस ११, क्र. ८ वाजवून ठेवलं आहे. वर्गमित्राने वर्गमित्राला दिलेली ती दीड मिनिटं ऐकायलाच हवीत.

स्क्रियाबिनचे स्वतःचे रोल ऐकताना एक सावधगिरी. रोल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. कोणती पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली ते रोलवर बऱ्यापैकी पकडलं जातं, पण जोर किती होता ते अंदाजाने येतं, आणि आज ज्या पियानोवर तो रोल चालवला त्या पियानोचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्यामुळे आवाजाच्या रंगावरून मत बनवू नका. लयीसाठी मात्र हे रोल अमूल्य आहेत. ऑपस ११, क्र. १, २, १३ आणि १४ त्याने वेल्टेसाठी वाजवले. प्रत समोर ठेवून क्र. २ ऐका. छापलेली लय तो किती मोकळेपणाने ताणतो आणि सोडतो ते पाहिलंत, की मेट्रोनोम लावून हे प्रेल्यूड बसवायचा विचार तुम्ही सोडून द्याल.

मॉस्कोला जाणं झालं तर आर्बातजवळच्या बोल्शॉय निकोलोपेस्कोव्हस्की गल्लीत तो १९१२ पासून शेवटपर्यंत राहिला ते घर १९२२ पासून संग्रहालय आहे. त्याचा पियानो तिथे आहे.

यानंतर ऑपस ७२ घ्या, ‘ज्योतीकडे’ अशा नावाचं, पाच-सहा मिनिटांचं. मग पाचवी सोनाटा, मग नववी आणि दहावी. वही तशीच चालू ठेवा.